मदत हवी आहे: गेम सुरू करून पंधरा मिनिटं झाली की लॅपटॉप मान टाकतो (भुसावळ)

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप २०२१ मध्ये घेतलेला. आय५-१०३००एच प्रोसेसर (सीपीयू), जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड (जीपीयू), १६ जीबी रॅम. कारच्या शर्यतीचा गेम सुरुवातीला ६० एफपीएसवर (सेकंदाला ६० चित्रं) छान पळतो. मग पंखा बोंबलायला लागतो, कीबोर्डच्या वरची पट्टी मांडे भाजायच्या खापरासारखी तापते आणि एफपीएस २०-२२ वर येतो. गेम बंद करून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा पहिल्यासारखा. चार्जर कायम लावलेला असतो.

एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं: सीपीयू ९७-९८ अंश, 'थर्मल थ्रॉटलिंग' (तापल्यामुळे वेग कमी करणं) समोर 'येस', आणि क्लॉक, म्हणजे सीपीयूचा वेग, ४ गिगाहर्ट्झवरून दीडच्या आसपास. जीपीयू ७९. विंडोज नव्याने टाकून झालं, ड्रायव्हर बदलून झाले, फरक शून्य. इथल्या एका दुकानदाराने लॅपटॉप न उघडताच "मदरबोर्ड गेला" सांगितलं आणि जो आकडा बोलला, त्यात अर्धा नवीन लॅपटॉप येईल.

एक गोष्ट चक्रावून टाकते. मागच्या आठवड्यात आजोबांकडे खेड्यावर गेलो होतो. तिथलं घर धाब्याचं, मातीचं, दुपारीही आत बरं वाटतं. तिथे हाच गेम तासभर चालला, एफपीएस ४५ च्या खाली गेला नाही. आमची इथली खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रे, दुपारी आत ४२ अंश. मग बिघाड लॅपटॉपचा की खोलीचा?

प्रतिसाद (धुळे)

दोघांचा, भो. पंखा काही एसी नाही, तो खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच वर सरकते. या सीपीयूची मर्यादा १०० अंश. तिथे पोचायच्या आत तो जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. मदरबोर्ड गेला असता तर आजोबांकडे गेम चालला नसता. दुकान बदल.

पण नवा असताना मे महिन्यात चालत होता ना? मग आत काहीतरी तुंबलंय. घराजवळ जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना) आहे का?

धागाकर्ता

आहे! गल्लीच्या टोकालाच. हंगामात खिडकीच्या जाळीवर रुई बसते. ब्लोअरने बाहेरून हवा मारली होती, उपयोग झाला नाही.

प्रतिसाद (जळगाव)

बाहेरून मारून होणारच नाही. पंखा आणि तांब्याच्या नळीवरच्या पत्र्या यांच्या मधोमध धूळ-रुईचा नमदा (दाबून बसलेला थर) तयार होतो. मागचं झाकण काढून, बॅटरीची वायर सोडवून, पंखा उचलूनच तो निघतो. हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा, भरभर फिरलं तर बेअरिंग जातं. उघडलंच आहे तर थर्मल पेस्टही (चिपची उष्णता नळीकडे पोचवणारा लेप) बदला. इतक्या वर्षांत ती वाळून खडूसारखी झाली असेल. स्वतः जमणार नसेल तर समोर बसवून करून देणारा कारागीर शोधा.

तोवर एक जुगाड: पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ टक्के करा. टर्बो (सीपीयूचा जादा वेग) बंद होतो, क्लॉक २.५ गिगाहर्ट्झवर राहतो. एफपीएस थोडा घटेल, पण २० वर आपटणार नाही. अंडरव्होल्टिंगच्या (सीपीयूला कमी व्होल्टेज देण्याच्या) नादी लागू नका, दहाव्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपांत ते बायोसमधूनच बंद केलेलं असतं.

आणि कूलरच्या तोंडाशी लॅपटॉप ठेवू नका. आमच्या भाच्याने ठेवला होता. शिंतोडे आत, कीबोर्ड बाद. कूलर खोली गार करायला ठेवा, खिडकी थोडी उघडी.

धागाकर्ता (चार दिवसांनी)

दुसऱ्या एका कारागिराकडे समोर बसून उघडून घेतला. पंख्यामागून अक्षरशः वातीएवढी रुई निघाली, आईने बघितली असती तर देवापुढे लावली असती. पेस्ट खडूच होती. काल रात्री खोली ३६ अंश असताना दीड तास खेळलो: सीपीयू ८४, एफपीएस ५५ च्या खाली नाही. आज दुपारी मात्र ९२, म्हणून ९९ टक्क्यांचा जुगाड दुपारपुरता ठेवलाय. दुकानदाराला त्याच्या मदरबोर्डचं सांगून आलो, त्याने "ऑं?" केलं.

शेवटची शंका: पेस्ट दरवर्षी बदलायची का?

प्रतिसाद (जळगाव)

नको. आजचे आकडे खोलीच्या तापमानासकट लिहून ठेवा. तेवढ्याच गरम खोलीत आठ-दहा अंश जास्त दिसायला लागले की उघडा. रुई मात्र दर हंगाम संपला की काढा.