१८ मे ला शेजारच्या काकूंकडे झेंडा, मी काय चुकीचं बोलले?

कार्डिफची_नवखी:
खालच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा खिडकीत झेंडा लावला, हिरवा-पांढरा-लाल आणि मधे काळा तारा. मला डबाभर खाऊ दिला, म्हणाल्या आज आमचा स्वातंत्र्यदिन. मी पटकन "सोमालियाचा ना?" विचारलं तर चेहराच उतरला त्यांचा, "सोमालीलँड" एवढंच बोलल्या आणि गेल्या. नकाशात तर तो भाग सोमालियातच दिसतो. आता डबा परत करताना काय बोलू?

मंदार_शेफिल्ड:
मुद्दाम नाही बोललात, पण जिव्हारी लागलं असणार. ब्रिटिश सोमालीलँड २६ जून १९६० ला स्वतंत्र झालं आणि पाचच दिवसांत, १ जुलैला, इटलीकडे असलेल्या दक्षिण भागाशी आपणहून एक झालं. पुढे त्या एक झालेल्या सोमालियात सियाद बारेची हुकूमशाही, आणि १९८८ मधे त्याच्या विमानांनी सोमालीलँडमधलं हर्गेसा शहर भाजून काढलं, ती विमानं उडायची कुठून तर हर्गेसाच्याच विमानतळावरून! लाखो लोक इथिओपियात पळाले. सियाद बारे गेल्यावर १८ मे १९९१ ला सोमालीलँडच्या बुराओ शहरात जाहीर केलं की एकी संपली. म्हणून ते "फुटलो" म्हणत नाहीत, "आमचं होतं ते परत घेतलं" म्हणतात. स्वतःचं चलन आहे, पासपोर्ट आहे, २०२४ च्या निवडणुकीत सत्तेवरचा अध्यक्ष हरला आणि शांतपणे पायउतार झाला, तरी बहुतेक जग मान्यता देत नाही. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

गोदीकाठ:
कार्डिफमधे ही मंडळी काल-परवा आलेली नाहीत हं. सुवेझ कालवा झाल्यावर एडनमार्गे बोटींवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला यायची, इथल्या गोदीजवळच्या ब्यूटटाउन भागात पिढ्या गेल्या त्यांच्या. सियाद बारेशी लढलेली एसएनएम (सोमाली नॅशनल मूव्हमेंट) संघटना १९८१ मधे लंडनलाच स्थापन झाली, आणि उद्ध्वस्त हर्गेसातली कितीतरी घरं परदेशातून पाठवलेल्या पैशावर उभी राहिली. शेफिल्डच्या कौन्सिलनं २०१४ ला आणि कार्डिफच्या २०१५ ला सोमालीलँडला पाठिंब्याचा ठराव केला, कायद्यानं त्याला वजन नाही, पण लोकांना त्याचं केवढं अप्रूप आहे ते १८ मे ला बघा.

सुमेधा_ल:
मंदार, एक बाजू राहिली. पूर्वेकडे लास अनोदच्या बऱ्याच लोकांना सोमालियातच राहायचंय, २०२३ मधे तिथे मोठी लढाई झाली आणि सोमालीलँडच्या सैन्याला मागे यावं लागलं. म्हणून प्रत्येक सोमाली माणसाला १८ मे च्या शुभेच्छा देत सुटू नका, त्यातल्या कुणाचे नातेवाईक त्या लढाईत मारले गेलेले असू शकतात. काकूंनी स्वतः सांगितलंय, त्यांना बिनधास्त द्या.

कार्डिफची_नवखी:
सगळ्यांचे आभार. काल डबा भरून दिला, सॉरी म्हटलं आणि सोमालीलँडच्या शुभेच्छा दिल्या. काकू बसवून घेऊन कितीतरी वेळ बोलल्या. हर्गेसाच्या चौकात ठेवलेल्या मिग विमानाचा फोटो दाखवला, म्हणाल्या हे वरून जायचं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मग म्हणाल्या, कुठलाही फॉर्म भरताना देशांच्या यादीत आमचं नाव नसतंच, दरवेळी सोमालिया निवडावं लागतं, ते मुकाट्यानं करते गं, पण तुझ्या तोंडून नको वाटलं.