मदत हवी आहे : रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या वडिलांना उन्हात मिठाचे पाणी द्यावे का?

नमस्कार. आमचे गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात आहे. घरची हळद काढून झाली असून आता शिजवण्याचे आणि वाळवण्याचे काम चालू आहे, आणि ते नेमके एप्रिलच्या उन्हात येते. वडील सत्तरीच्या पुढे आहेत, तरी हळकुंडात काडी टोचून ते शिजले की नाही हे स्वतः पाहिल्याशिवाय ते कुकरजवळून हलत नाहीत. दुपारी आखाड्यावरच्या (शेतातल्या वस्तीवरच्या) पत्र्याखालीच आडवे होतात. घराचे माळवद (मातीचे सपाट छप्पर) असल्याने आतली जागा त्या वेळी कितीतरी थंड असते, पण वाळत घातलेला माल सोडून यायला ते तयार नसतात.

अडचण अशी आहे की त्यांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यांपैकी एक लघवी वाढवणारी आहे आणि डॉक्टरांनी मीठ कमी खायला सांगितले आहे. याउलट उष्माघात टाळायचा तर ओआरएस, पन्हे, मीठ घातलेले ताक प्यावे असे सगळीकडे सांगितले जाते. आई काळजीपोटी ताकात मीठ घालते आणि भाऊ ते घालू देत नाही. अलीकडे बाजेवरून उठताना वडिलांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, लघवी कमी आणि गडद पिवळी होते, तरी ते तहान नाही असेच म्हणतात. मीठ द्यावे का, आणि उन्हाळ्यापुरती ती गोळी थांबवावी का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

मी ग्रामीण भागात परिचारिका आहे. पहिली गोष्ट, गोळी आपल्या मनाने थांबवू नका; पण डॉक्टरांकडे जाणे पुढच्या आठवड्यावरही ढकलू नका. तुम्ही लिहिलेली लक्षणे शरीरातले पाणी कमी झाल्याची असू शकतात, आणि लघवीच्या गोळीमुळे ते आणखी घटते. बसून आणि उभे राहून असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगा आणि मूत्रपिंडाची तपासणीही करून घ्या. गोळीचे प्रमाण बदलायचे की नाही, ते त्यावरून ठरेल.

मिठाबद्दल भावाची शंका रास्त आहे. एक लिटर पाण्यात कालवायच्या ओआरएसच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ असते, तर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे. त्यामुळे रोजचे पेय म्हणून ओआरएस नको. जुलाब-उलट्या झाल्या किंवा खूप घाम गेला, तर डॉक्टरांना विचारून द्यावे. एरवी साधे पाणी आणि बिनमिठाचे पातळ ताक पुरते. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते, म्हणून त्यांनी मागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पेला हातात द्या. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पाणी किती द्यायचे हेही डॉक्टरांनाच विचारावे लागेल.

आईंना सांगा की त्यांची काळजी योग्यच आहे, फक्त ती मिठाऐवजी सावलीत वळवावी. सकाळी दहाच्या आत कुकरचे काम आटोपून दुपारी वडिलांना माळवदाखाली आणा, आणि तोवर मालाजवळ घरातले दुसरे कोणी थांबू द्या. अंगावर ओला पंचा टाकून पंखा लावला, तर आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंग लवकर निवते. नुसता पंखा मात्र चाळिशीपार गेलेल्या हवेत गरम झोतच अंगावर आणतो.

ते असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला किंवा अंग चटका बसावा इतके तापले, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत अंगावर पाणी ओतत वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

दोन्ही गोळ्यांची नावे आणि मधुमेह आहे का ते येथे लिहा, म्हणजे डॉक्टरांना नेमके काय विचारायचे ते सांगता येईल.