ऑडिओबुक आवडलं नाही तर दोष पुस्तकाचा की वाचणाऱ्याचा?

कानसेन:
दोनेक महिन्यांत चार ऑडिओबुकं ऐकली, खरं काय ते सांगतो. पहिली एक कादंबरी, कागदावर दोनदा वाचलेली, म्हणून हौसेने लावली तर निवेदक पहिल्यापासून रडवेला. म्हातारी नुसतं "दार लाव" म्हणते तिथेही याचा गळा दाटलेला. तासाभरात बंद केली, आणि आता पुस्तक हातात घेतलं तरी तोच सूर कानात वाजतो, हे जास्त वाईट. दुसरं एक चरित्र, लिखाण यथातथाच, पण बाईंनी इतकं साधं, न दमता वाचलंय की साडेदहा तास कधी गेले कळलं नाही. तिसरं इतिहासाचं. त्यात सनावळ्या, आणि एकाच घराण्यात एकाच नावाचे तिघे. कागदावर आपण पटकन मागचं पान बघतो, इथे तीस सेकंद मागे, परत तीस सेकंद मागे, शेवटी कोण कोणाचा आजा हे सोडून दिलं. चौथ्यात एका वाक्याच्या मधोमध आवाजच बदलला, माणूस तोच पण नाक चोंदलेलं, बहुतेक चुकलेला तुकडा नंतर रेकॉर्ड करून चिकटवलाय. ते एकदा कानाला लागलं, मग गोष्ट गेली उडत, मी पुढचे जोड शोधत बसलो.
तुम्ही अशा वेळी काय करता, सोडून देता की रेटता?

दीडपट:
रडवेला असेल तर १.२५ वर टाका, रडायला वेळच मिळत नाही त्याला 😄 साधारण निवेदन मिनिटाला १५० शब्दांच्या आसपास असतं, म्हणजे ९०,००० शब्दांचं पुस्तक दहा तास, एवढा धीर माझ्यात नाही. वेग वाढवला तरी आवाज चिरका होत नाही, ॲप सूर तोच ठेवून फक्त वेळ आवळतं. पण विनोदी पुस्तकाला हे करू नका, मी केलंय, निम्मा विनोद थांबण्यात असतो आणि ते थांबणंच गायब होतं.

मधलंपान:
माझ्या मावसभावाला दिसत नाही, तो लहानपणापासून पुस्तकं ऐकतोय. त्याच्या फोनचा स्क्रीनरीडर ज्या वेगाने बोलतो ना, मला त्यातला एक शब्द कळत नाही. त्याला नाटकी वाचन अजिबात खपत नाही, म्हणतो तू नुसतं वाच, रडायचं की हसायचं ते माझं मी बघतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात बोलती पुस्तकं निघाली ती अंध वाचकांसाठीच, ग्रामोफोनच्या तबकड्यांवर, एका बाजूला साधारण १५ मिनिटं मावायची. दर पाव तासाने उठून तबकडी उलटायची! आपण तीस सेकंद मागे जायला कंटाळतो.
बाकी इतिहासाचं पुस्तक ऐकायचंच नाही, ते कागदावरच.

हळूहळू:
@मधलंपान शेवटचं नाही पटलं. मी आधी वंशावळ कागदावर उतरवून घेते, मग ऐकते, मस्त लागतं. आणि हौशी आवाजांना पण एक संधी द्या. लिब्रिव्हॉक्स नावाच्या साइटवर २००५ पासून लोक कॉपीराइट संपलेली पुस्तकं स्वतः वाचून, रेकॉर्ड करून फुकट टाकतात, कधीकधी दर प्रकरणाला वेगळा माणूस. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण एखाद्याने अगदी जीव लावून वाचलेलं असतं आणि मागे लांब कुठेतरी कुत्रं भुंकत असतं, मला ते स्टुडिओतल्या गुळगुळीत आवाजापेक्षा जवळचं वाटतं.

कानसेन:
@दीडपट १.२५ करून बघितलं. आता तो घाईघाईत रडतो 😭
@मधलंपान मावसभावाचं एकदम पटलं, त्या चरित्रवाल्या बाई नेमकं तेच करतात, मध्ये येत नाहीत. त्यांच्या आवाजातलं अजून एक सापडलंय, विषय माझ्या आवडीचा नाही तरी लावलंय. वंशावळीचा उद्योग मात्र रविवारी.