मॅक्लिंटॉकबाई खरोखरच उपेक्षित होत्या का?

धुरेकरी, मोताळा तालुका : विज्ञान दिनी आमच्या गावच्या शाळेत एका मुलीने अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांच्यावर भाषण केले. मक्याची काही जनुके (गुण ठरवणारे आनुवंशिक तुकडे) गुणसूत्रावरील, म्हणजे जनुके वाहणाऱ्या पेशीतल्या धाग्यावरील, आपली जागा बदलतात, हे त्यांनी १९५१ साली अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर या संशोधन केंद्राच्या परिसंवादात मांडले, ते कोणी फारसे मनावर घेतले नाही आणि नोबेल मिळाले ते थेट १९८३ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी; बाई म्हणून त्यांना डावलले, असा भाषणाचा रोख होता. मला हे पटत नाही. त्या १९४४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून गेल्या आणि १९४५ मध्ये तिथल्या आनुवंशशास्त्र संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. डावललेल्या माणसाला असे मान मिळतात का?

खडूफळा, त्याच गावातून : भाऊ, ते मान आधीच्या कामाचे होते. गुणसूत्रांचे तुकडे प्रत्यक्ष अदलाबदल होतात, हे त्यांनी हॅरिएट क्रेटन यांच्यासोबत १९३१ मध्येच दाखवले होते. एवढे करूनही मिसुरी विद्यापीठात त्या सहायक प्राध्यापकच राहिल्या आणि पुढे बढती दिसेना म्हणून १९४१ मध्ये बाहेर पडल्या. सरपंच म्हणून पाटीवर बाईचे नाव असते, खुर्चीवर कोण बसते ते आपण पाहतोच.

निवृत्त कृषी सहायक : तुम्ही दोघेही भुट्ट्याकडे पाहतच नाही. पिवळ्या कणसात एखादा जांभळा दाणा निघाला, तर बहुधा धुऱ्यापलीकडच्या मक्याचे पराग उडून आलेले असतात. त्यात नवल नाही. नवल आहे ते एकाच फिक्या दाण्यावरच्या जांभळ्या ठिपक्यांचे. रंगाच्या जनुकात जागा बदलणारा एक तुकडा घुसून रंग बंद पाडतो. दाणा भरत असताना काही पेशींतून तो तुकडा निघून जातो आणि त्या पेशींच्या वंशात रंग परत येतो. तुकडा जितका लवकर निघेल, तितका ठिपका मोठा. हे सिद्ध करायला पिढ्यान्‌पिढ्या संकर करावे लागले, आणि ती किचकट मांडणी मका न हाताळलेल्यांच्या डोक्यावरून गेली. पुढे जिवाणूंमध्ये तसेच फिरते तुकडे सापडले, तेव्हा लोकांचे डोळे उघडले.

धुरेकरी : मी तरी वेगळे काय म्हणतो? अडचण विषयाची होती.

खडूफळा : विषय कठीण होता, हे मान्य. पण मिसुरीतली बढती ठिपक्यांमुळे अडली नव्हती. तो शोध नंतरचा. भाषणात दाण्याचा उल्लेख नव्हता ही चूक माझी, कारण ते मीच लिहून दिले होते. पुढच्या वर्षी दाणा नक्की घालीन, मिसुरीचा परिच्छेद मात्र काढणार नाही.