मदत हवी आहे: सांस्कृतिक मंत्रालयाने समितीची शिफारस 'स्वीकारली', पण पुढे काय झाले ते कसे तपासायचे?

कोरीवलेख

दोन विषयांवर टिपण तयार करायचे आहे: केंद्र संरक्षित स्मारकांवरचे पहारेकरी, आणि गुरु-शिष्य परंपरा अनुदान (गुरूकडे शिकणाऱ्या कलावंतांच्या पथकांना मिळणारी मदत) कलापथकांपर्यंत उशिरा पोहोचणे. दोन्ही केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाकडे येतात. संसदेच्या स्थायी समितीचे अहवाल उतरवून घेतले आहेत. बऱ्याच शिफारशींपुढे सरकारचे उत्तर 'शिफारस मान्य' असे आहे, पण प्रत्यक्षात काम झाले की नाही ते त्यावरून कळत नाही.

१. 'मान्य' म्हणजे नेमके काय, आणि त्याचा पाठपुरावा कुठे दिसतो?
२. मंत्रालय म्हणते निधी दिला, पथके म्हणतात पैसे आले नाहीत. दोन्ही खरे असू शकते का?
३. बाहेरच्या माणसाला समितीकडे लेखी म्हणणे मांडता येते का?

दप्तरदार

आधी एक खात्री करून घ्या. तुमच्या यादीतले प्रत्येक स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित आहे ना? राज्य संरक्षित असेल तर ते राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे असते, त्याचा प्रश्न विधिमंडळात विचारायचा. संसदेत तो पहिल्याच चाळणीत बाद होतो.

तुम्ही जिचे अहवाल उतरवलेत ती स्थायी समिती परिवहन, पर्यटन आणि संस्कृती अशा तिन्ही विषयांसाठी एकच आहे. एकूण ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. तिचे कामकाज राज्यसभा सचिवालय पाहते. त्यामुळे लोकसभेच्या समित्यांमध्ये शोधलेत तर ती सापडणार नाही. समितीची मुदत एक वर्ष असते, पण अहवालांचे क्रमांक सलग चालतात. म्हणून संदर्भ देताना वर्षाबरोबर अहवाल क्रमांकही लिहा.

आता 'मान्य'बद्दल. मूळ अहवाल सादर झाल्यावर साधारण तीन महिन्यांत सरकारने उत्तरे द्यायची असतात. ती तपासून समिती दुसरा अहवाल काढते, तो कार्यवाही अहवाल. त्यात शिफारशी चार गटांत विभागलेल्या असतात: सरकारने स्वीकारलेल्या, उत्तर पाहून समितीने पुढे न रेटलेल्या, समितीला उत्तर न पटलेल्या, आणि अंतिम उत्तर अजून न आलेल्या.

बहुतेक जण पहिला गट वाचून थांबतात. माझ्या मते खरे काम तिसऱ्या आणि चौथ्या गटात असते. तिसऱ्या गटात समिती आपले म्हणणे पुन्हा, जास्त कडक शब्दांत मांडते. मंत्रालयाची पळवाट कुठे आहे ते तिथे कळते. चौथ्या गटातली उत्तरे बहुधा 'प्रस्ताव विचाराधीन आहे' अशीच असतात, आणि तोच विषय पुढच्या वर्षीच्या अनुदान मागण्यांच्या (मंत्रालयाच्या अर्थसंकल्पी तरतुदींच्या) अहवालात परत येतो.

पहिल्या गटातल्या उत्तरांची क्रियापदे तपासा. 'पदे भरली' ही कृती झाली. 'शिफारस नोंदवून घेतली' किंवा 'संबंधितांना सूचना दिल्या' ही कृती नव्हे, तरी गट तोच असतो. तुमचा घोळ बहुधा इथेच होतो आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे मंत्र्यांचे निवेदन. समितीच्या शिफारशींची अंमलबजावणी कुठवर आली हे संबंधित मंत्र्यांनी सहा महिन्यांतून एकदा सभागृहात सांगायचे असते. लोकसभेत ही तरतूद निर्देश ७३-अ मध्ये आहे, २००४ पासून. निवेदनाला जोडलेल्या तक्त्यात शिफारसवार स्थिती मिळते. हा कागद फार कमी लोक उघडतात.

ताळेबंद

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: हो, दोन्ही खरे असू शकते.

मंत्रालयाच्या हिशेबात पैसा संस्थेकडे वर्ग झाला की तो 'खर्च' ठरतो. अकादम्या, संग्रहालये, सांस्कृतिक केंद्रे यांना तो सहायक अनुदान म्हणून जातो. मंत्रालयाच्या तपशीलवार अनुदान मागण्यांत उद्दिष्टशीर्ष, म्हणजे खर्चाचा प्रकार सांगणारा क्रमांक, बघा: ३१ सर्वसाधारण, ३५ भांडवली मालमत्ता निर्मिती, ३६ वेतन. संस्थेच्या खात्यात पैसा वर्षभर पडून राहिला तरी मंत्रालयाचा खर्च शंभर टक्के दिसू शकतो. म्हणून मंत्रालयाच्या आकड्यावर थांबू नका. संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद काढा आणि त्यात 'अखर्चित शिल्लक' पाहा. वार्षिक अहवाल आणि लेखे आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत संसदेच्या पटलावर यायला हवेत. उशीर झाला तर कारणांचे निवेदन जोडावे लागते, आणि सतत उशीर करणाऱ्या संस्था कोणत्या ते त्या निवेदनांवरूनच लक्षात येते.

अर्थसंकल्पाची तुलना करताना तीन स्तंभ एकाच वर्षाचे घ्या: अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. यंदाचा अंदाज गेल्या वर्षीच्या अंदाजाशी ताडून 'वाढ' दाखवणे ही नेहमीची चूक आहे. एखाद्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांनंतरच्या अर्थसंकल्पात छापला जातो, म्हणजे सलग तीन वर्षांची पुस्तके जवळ हवीत.

पैसा अडतो कुठे? पहिल्या सहामाहीत खर्च मंद असला की सुधारित अंदाजात कपात होते. शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्के ही खर्चाची मर्यादा आहे, त्यामुळे वर्षअखेरीस भरपाई करता येत नाही. दुसरा अडसर उपयोगिता प्रमाणपत्राचा, म्हणजे मिळालेला पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्याचा. नमुना १२-अ मधले प्रमाणपत्र वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचे असते. जुने थकले असेल तर नवा हप्ता अडतो. पथकांशी बोलाल तेव्हा 'पैसे आले का' एवढेच विचारू नका. मंजुरी आदेशाची तारीख, प्रमाणपत्र पाठवल्याची तारीख आणि रक्कम जमा झाल्याची तारीख, तिन्ही लिहून घ्या. विलंब कोणत्या टप्प्यावर झाला ते त्या तीन तारखांतूनच सिद्ध होते.

कोरीवलेख

दोघांचेही आभार. शीर्ष ३१ आणि अखर्चित शिल्लक हे माझ्या डोक्यातच नव्हते. आणखी एक अडले आहे. हरवलेल्या स्मारकांची संख्या कुठे २४ दिसते, कुठे ५०, कुठे ९२. टिपणात कोणती घ्यावी?

शिळालेखन

तिन्ही बरोबर आहेत, प्रत्येक आकडा वेगळ्या टप्प्यावरचा आहे.

कॅगचा (भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक) २०१३ चा अहवाल क्रमांक १८ स्मारके आणि पुरावस्तूंच्या जतनावर आहे. त्यासाठी १,६५५ स्मारकांची संयुक्त प्रत्यक्ष पाहणी झाली, आणि ९२ जागेवर सापडली नाहीत. नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने शोध घेतला तेव्हा त्यांतली ४२ सापडली. १४ शहरीकरणात गेली, १२ धरणे-जलाशयांच्या पाण्याखाली, आणि २४ चा ठावठिकाणाच लागला नाही. १४, १२ आणि २४ मिळून ५०. डिसेंबर २०२२ च्या ३२४ व्या अहवालात स्थायी समितीने हाच विषय हाती घेतला. मार्च २०२४ मध्ये त्या २४ पैकी १८ स्मारके संरक्षित यादीतून वगळण्याची अधिसूचना निघाली, प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्याच्या कलम ३५ खाली. वगळण्याचा अर्थ असा की ते स्मारक आता राष्ट्रीय महत्त्वाचे उरले नाही. पुढच्या वर्षी 'न सापडणाऱ्यां'ची संख्या घटलेली दिसली तर ती सापडली असे समजू नका. हे टिपणात ठळकपणे लिहा, कारण हा फरक कागदावर फार सहज पुसला जातो.

पहारेकऱ्यांचा आकडाही समितीच्या त्याच ३२४ व्या अहवालात आहे. एकूण ३,६९३ स्मारके, गरज ७,००० माणसांची, आणि नेमता आले २,५७८ रक्षक, तेही २४८ ठिकाणी. कारण निधीची चणचण असे दिले आहे. तुमच्या टिपणाचा पाया हाच ठेवा, आणि त्यानंतरच्या प्रत्येक उत्तरात हे चार आकडे कसे बदलले ते एका तक्त्यात मांडा.

लोकलेखा समितीचे अहवालही बघा. कॅगच्या अहवालांवरची तपासणी तिच्याकडे असते, स्थायी समितीकडे नव्हे.

दप्तरदार

आता तिसरा प्रश्न. हो, लेखी म्हणणे देता येते. समिती एखादा विषय निवडते तेव्हा निवेदने मागवणारी जाहिरात निघते, तिच्यात मुदत असते. विषय निवडलेला नसतानाही सचिवालयाला लिहिता येते, पण समिती दैनंदिन प्रशासनात शिरत नाही. एका पथकाचा एक हप्ता थकला, एवढेच असेल तर निवेदन बाजूला पडेल. तोच विलंब दहा पथकांच्या तारखांसह मांडला तर तो योजनेचा दोष ठरतो, आणि योजना हा समितीचा विषय आहे.

निवेदन चार-पाच पानांचे, इंग्रजी किंवा हिंदीत असावे. प्रत्येक मुद्द्याखाली 'समितीने मंत्रालयाला हे विचारावे' असे एक वाक्य हवे. सर्वात मोठी चूक पुढची आहे: दिलेले निवेदन वर्तमानपत्रात किंवा समाजमाध्यमावर टाकू नका. ते समितीच्या दप्तराचा भाग होते आणि अहवाल सादर होईपर्यंत गोपनीय असते. तोवर ते फोडणे हा संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो. टिपण छापायचेच असेल तर ते वेगळे, स्वतंत्र लिहा.

समांतर मार्ग म्हणजे खासदारांमार्फत अतारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर लेखी मिळते असा. पंधरा पूर्ण दिवसांची सूचना लागते, मर्यादा साधारण दीडशे शब्दांची. मात्र समितीच्या विचाराधीन असलेल्या विषयावर प्रश्न स्वीकारत नाहीत, तेव्हा आधी समितीने निवडलेल्या विषयांची यादी पाहून घ्या.

कोरीवलेख

प्रश्नाचा मसुदा असा केला आहे: 'महाराष्ट्रातील संरक्षित स्मारकांच्या सुरक्षेकडे दुर्लक्ष होत आहे हे खरे आहे का, असल्यास, सरकारने कोणती पावले उचलली?'

शिळालेखन

हा पाठवू नका. 'दुर्लक्ष' हा आरोप आहे, त्यावरच प्रश्न नाकारला जाऊ शकतो. स्वीकारला तरी 'पावले' या शब्दाला दोन परिच्छेद योजनांची नावे मिळतील. आकडेच मागा (खाली 'मंडळ' म्हणजे पुरातत्त्व सर्वेक्षणाचे विभागीय कार्यालय):

(क) मुंबई, औरंगाबाद आणि नागपूर मंडळांतील केंद्र संरक्षित स्मारकांची मंडळनिहाय संख्या;
(ख) त्यांपैकी दिनांक ३१ मार्च रोजी किती स्मारकांवर पहारेकरी नेमलेले होते, नियमित आणि कंत्राटी असे वेगवेगळे;
(ग) मागील तीन वर्षांत सुरक्षेसाठीची मंजूर तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, वर्षनिहाय;
(घ) स्थायी समितीच्या ३२४ व्या अहवालानंतर नव्याने नेमलेल्या रक्षकांची संख्या.

दिनांकासोबत वर्षही घाला. 'सध्या' लिहिलेत तर उत्तर कोणत्या दिवसाचे ते कळत नाही आणि पुढच्या वर्षी तुलना करता येत नाही.

ताळेबंद

एक भर. 'माहिती संकलित केली जात असून पटलावर ठेवली जाईल' असे उत्तर आले तर निराश होऊ नका. ते आश्वासन म्हणून नोंदले जाते, तीन महिन्यांत पुरे करायचे असते, आणि न केल्यास शासकीय आश्वासन समिती मंत्रालयाला विचारते. उत्तराची तारीख आणि प्रश्न क्रमांक लिहून ठेवा, तीन महिन्यांनी त्याच क्रमांकाने शोधता येते.