अण्णांच्या रिळावरची शेवटची गाठ कापू का?

काठावरचा:
नमस्कार. एरवी मी इथे नुसता वाचत असतो. आज विचारायचं आहे, जरा लांबेल.

अण्णा माझ्यापेक्षा १४ वर्षांनी मोठे. मित्रच, पण मी त्यांना कधी 'अरे' म्हटलं नाही. १७ वर्षं आम्ही दर रविवारी गळ टाकायला जायचो. पहाटे साडेचारला त्यांची मोटरसायकल दारात यायची. हॉर्न कधी वाजवला नाही त्यांनी, शेजारी झोपलेले असतात म्हणून. दिवा एकदा विझवून पुन्हा पेटवायचे. खिडकीच्या काचेवर तो उजेड हलला की मी पिशवी उचलायचो.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. झोपेतच. आदल्या रविवारी आम्ही डोहावर होतो.

महिन्यापूर्वी वहिनींनी बोलावून त्यांची काठी आणि पेटी माझ्या हातात दिली. "तुम्हीच न्या, इथे नुसती धूळ खाईल." पेटी उघडायला मला आठ दिवस लागले. औषधांच्या रिकाम्या डब्यांत आकाराप्रमाणे लावलेले गळ, शिशाचे मणी, पक्कड, आणि पाण्यावर तरंगणारी, स्वतः कोरलेली चार बुचं. बुचांची टोकं लेकीच्या नेलपॉलिशनं लाल केलेली, लांबून दिसावीत म्हणून.

रीळ काठीवर तसंच आहे आणि तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या दोरीच्या, टोकाला त्यांनी शेवटचा बांधलेला गळ. गाठ त्यांची नेहमीची. गळाच्या डोळ्यातून ओवून ५ वेढे, टोक फासातून परत, मग तोंडात धरून ओली करायची आणि सावकाश ओढायची. मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "कोरडी ओढलीस तर घासून तापते. वरून धड दिसते, आतून गेलेली असते." उरलेलं टोक ते दातानं तोडायचे. भिंगाखाली बघितलं तर त्या टोकावर दाताचा चपटा ठसा अजून दिसतो.

ही काठी वापरावी असं फार वाटतं. पण तो गळ खडकात अडकून तुटला तर? आणि खरं सांगायचं तर डोहावर एकट्यानं जाववत नाही. दोनदा निघालो, दोन्ही वेळा अर्ध्या वाटेतून परत आलो. तुमच्यापैकी कुणाचा जोडीदार असा गेला असेल तर सांगा, त्याच्या सामानाचं काय केलंत? आणि पुन्हा पाण्यावर कसे गेलात?

जुना रीळवाला:
वाचून थांबलो थोडा वेळ. आधी सामानाचं सांगतो, कारण त्याला उत्तर आहे.

तो गळ पाण्यात टाकू नका. नायलॉन उन्हानं आणि वर्षांनी कडक होतो, रिळावर पडून त्याला वेटोळ्यांची सवय लागते. ओढ बसली की आधी गाठीपाशीच जाईल. गाठीच्या वर वीतभर सोडून कापा आणि त्यांच्याच एखाद्या डबीत ठेवा. डबीत आधी बुचाचा तुकडा घाला, गळाचं टोक त्यात रुतवा. डबी कोरडी असू द्या, नाहीतर गळ गंजेल.

पण अख्खा तंगूस काढून टाकायची गरज नाही. वरचा १०० मीटर काढा, तळाचा त्यांचाच राहू द्या आणि त्याला नवीन जोडा. तळापर्यंत मासा क्वचितच नेतो. म्हणजे रीळ फिरवाल तेव्हा आतला गाभा अण्णांनी भरलेलाच असेल. माझ्या थोरल्या भावाच्या रिळावर मी हेच केलंय.

काढलेला तंगूस बारीक तुकडे करून घरच्या कचऱ्यात टाका, काठावर नको, पक्ष्यांच्या पायांत अडकतो. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, वापरायच्या आधी वजनकाट्यावर बघून घ्या. तंगूस १० किलोचा ताण सोसणारा असेल तर अडीच-तीन किलोला सरकायला हवा. घरी आलात की ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवत जा, आतल्या चकत्या दबून राहत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मला दीड वर्ष लागलं.

डोहकाठ:
माझं मत वेगळं आहे. मी मित्राची काठी वापरली आणि तिसऱ्याच खेपेला टोकाशी मोडली. मासा मोठा नव्हता, चूक माझी, काठी उभी धरून खेचली. तो तुकडा घेऊन घरी आलो तेव्हा तो दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं. ज्याला हे सोसणार नाही त्यानं काठी घरात ठेवावी. त्यात काही कमीपणा नाही.

पाण्याची लेक:
दादा, मी पलीकडच्या बाजूनं लिहितेय. माझे बाबा गेल्यावर त्यांची पेटी आईनं त्यांच्या मित्राला दिली. काका ती घेऊन गेले आणि पुढे त्यांचा फोनच आला नाही. आईला वाईट वाटेल म्हणून ते विषय काढत नव्हते, हे मला फार नंतर कळलं. आई मात्र वाट बघत होती. ती पेटी पाण्यावर गेली का, कुठला मासा लागला, एवढंच तिला ऐकायचं होतं. बाबा घरी येऊन रोज सांगायचे ना ते. तुम्ही जाल तेव्हा वहिनींना फोन करा. काही नाही मिळालं तरी करा.

आणि अण्णांबद्दल अजून सांगाल का?

काठावरचा:
ताई, फोनचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अण्णांचं काय सांगू. एकदा दिवसभर बूच हललं नव्हतं. संध्याकाळी गवताच्या कडेला पाण्यावर बारीक बारीक थेंब पडल्यासारखं दिसायला लागलं. पाऊस नव्हता. मरळीची पिल्लं होती, केशरी, शेकड्यांनी, हवा घ्यायला एकदम वर यायची आणि एकदम खाली जायची. मी नवा होतो. मला एवढंच माहीत होतं की पिल्लांखाली मोठी मरळ असते. गळ तिकडे टाकायला काठी मागे नेली, तर अण्णांनी माझं मनगट धरलं. "आत्ता ती कशावरही झेपावेल. भुकेनं नाही, पिल्लांवर काही आलं म्हणून. ती गेली की उद्या यातलं एकही उरणार नाही." मग त्यांनी स्वतःचाही तंगूस गुंडाळला आणि अंधार पडेपर्यंत आम्ही ती पिल्लं बघत बसलो. परतताना रिकामी पिशवी त्यांनी अशी नेली की जणू भरलेलीच आहे.

काठावरचा:
आज जाऊन आलो. कळवायचं कबूल केलं नव्हतं, पण तुम्ही एवढं लिहिलंत.

गाठ कापून डबीत ठेवलीय. तळाचा तंगूस त्यांचाच ठेवला. काठी मोडण्याची भीती डोहकाठ यांनी लिहिली ती खरी आहे, म्हणून आज हलकाच गळ लावला. अर्ध्या वाटेत पाय थांबलेच, पण या वेळी मी तिथेच दगडावर बसलो, परत फिरलो नाही. उजाडल्यावर पुढे गेलो.

डोहावर गेल्यावर सवयीनं डावीकडे बसलो. अण्णांची जागा उजवीकडे, सपाट दगडावर. तिकडे मी पिशवीसुद्धा ठेवली नाही. लाल टोकाचं बूच सोडलं. पहिले दोन तास काही नाही. मग ते दोनदा थरथरलं आणि तिरकं होऊन आत गेलं. हाताएवढा रोहू. हात ओले करून गळ काढला, पाण्यातच धरून ठेवला, त्यानं शेपटी मारली तसा सोडला.

घरी आल्यावर वहिनींना फोन केला. कसं सुरू करावं कळेना, म्हणालो, अण्णांची काठी घेऊन गेलो होतो. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग त्यांनी विचारलं, "पाणी केवढं होतं?" अण्णा दारात आले की त्या पहिलं हेच विचारायच्या, बूट काढायच्या आधी.

दुसऱ्या खडकापर्यंत होतं, असं सांगितलं.