मालकी आणि परवाना वेगवेगळे

'जीपीएलखाली (कुणालाही सॉफ्टवेअर वापरायची, बदलायची मुभा देणाऱ्या खुल्या परवान्याखाली) टाकला की कोड सगळ्यांचा झाला' असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. परवाना म्हणजे वापरायची मुभा. मालकी लिहिणाऱ्याचीच राहते. म्हणून तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचं इंजिन जीपीएलवरून एलजीपीएलवर, म्हणजे त्याच्याच थोड्या सैल परवान्यावर, नेताना व्हीएलसीवाल्यांना कोड लिहिणाऱ्या जुन्या योगदानकर्त्यांना एकेक करून गाठावं लागलं.

आपल्याकडच्या, म्हणजे भारतातल्या कायद्याची एक गोष्ट सहसा कुणी मांडत नाही. नोकरीत लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा. कंत्राटावर लिहिलेला मात्र लिहिणाऱ्याचा, पैसे मिळाले तरी! साकीनाक्याच्या एका छोट्या कंपनीसाठी मी स्टॉक सांभाळायचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. दोन वर्षांनी त्यांना ते एमआयटी या फारशा अटी नसलेल्या परवान्याखाली सगळ्यांसाठी खुलं करायचं होतं. फोर्टातल्या वकीलबाईंनी कागद मागितले, तर निघाली फक्त माझी बिलं. हक्क कंपनीकडे आलेच नव्हते, मग परवाना देणार कोण? शेवटी मी हस्तांतरणाच्या करारावर सही केली. त्यात मुदत आणि प्रदेश बाईंनी आवर्जून लिहून घेतले, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते लिहिले नाहीत तर हस्तांतरण ५ वर्षांपुरतं आणि भारतापुरतंच धरतात. फ्रीलान्सिंग करणाऱ्यांनो, हे दोन रकाने कोरे ठेवू नका.